बॅकअप सर्व्हरचे अलर्ट टेस्ट करायला ॲन्सिबल : वापरून काय वाटलं

आधीच सांगून टाकतो, ॲन्सिबल हे काही अलर्ट टेस्ट करायचं टूल नाहीये. ते २०१२ मध्ये आलं तेच मुळी सर्व्हरची कॉन्फिगरेशन एकसारखी ठेवायला. पण बॅकअप सर्व्हरवर मुद्दाम खोटं फेल्युअर घडवायचं, मेल किंवा फोनवर नोटिफिकेशन खरंच येतंय का बघायचं आणि मग सगळं होतं तसं परत ठेवायचं, एवढ्या कामासाठी माझ्या मते हाताशी असलेल्या टूल्समध्ये तेच सगळ्यात बरं पडतं. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईल, आणि तो उगाच कापलेला नाहीये.

बॅकअप चालतोय ना, मग अलर्ट कशाला टेस्ट करायचा, असं म्हणणारे बरेच असतात. त्यांना गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेचं २०१७ चं प्रकरण वाचायला द्यावं, त्यांनी स्वतःच सगळं उघडपणे लिहून ठेवलंय. ३१ जानेवारीला चुकीच्या सर्व्हरवरची डेटाबेस डिरेक्टरी डिलीट झाली, ३०० जीबीच्या आसपास, थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरली होती. मग बॅकअप काढायला गेले तर एसथ्रीची (ॲमेझॉनचं क्लाउड स्टोरेज) बकेट रिकामी, कारण पीजी डम्प (पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप काढणारी कमांड) ९.२ व्हर्जनचा चालत होता आणि डेटाबेस होता ९.६ चा, त्यामुळे डम्प दर वेळी एरर देऊन बंद पडायचा. आता यातली खरी गोष्ट ऐका, एरर आली की मेल जायची सोय होती त्यांच्याकडे! मेल जात पण होते. पण क्रॉनच्या (ठरल्या वेळी कामं चालवणारा प्रोग्राम) त्या मेलना डीमार्कची (मेल खोट्या नावाने आलेला नाही हे तपासायची पद्धत) सेटिंग नसल्यामुळे ते रिजेक्ट व्हायचे, आणि कोणाला काही कळायचं नाही. सहाएक तासांचा डेटा गेला, आणि बाकीचा वाचला तो कोणीतरी काही तास आधी वेगळ्याच कामासाठी घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटमुळे (डिस्कची त्या क्षणाची प्रत), म्हणजे निव्वळ नशीब.

म्हणून टेस्ट म्हणजे काय तर स्क्रिप्टमध्ये मेल पाठवायची ओळ आहे का ते बघणं नाही, माणसाच्या हातातल्या फोनपर्यंत ते पोचतंय का ते बघणं. आणि हे प्रॉडक्शन बॅकअप सर्व्हरवर करायचं तर काहीही न मोडता करायला हवं, कारण सर्व्हर तोच, रिपॉझिटरी (बॅकअप साठवायची जागा) तीच आणि रात्री खरा बॅकअपही तिथेच येणार असतो.

ॲन्सिबलचं बेसिक थोडक्यात सांगतो, माहीत असेल तर पुढे जा. सर्व्हरवर एजंट (सतत चालणारा मदतनीस प्रोग्राम) बसवावा लागत नाही, एसएसएचने (सुरक्षित रिमोट लॉगिन) जातं, तिकडे पायथन असलं की झालं. बॅकअप सर्व्हरवर जितकी कमी सॉफ्टवेअर तितकं बरं, त्यामुळे मला तरी हा मोठा प्लस पॉइंट वाटतो. इन्व्हेंटरीत होस्टची यादी, प्लेबुक म्हणजे करायच्या कामांची (टास्क) यादी यॅमल या साध्या टेक्स्ट फॉरमॅटमध्ये, प्रत्येक टास्क एक तयार मॉड्यूल वापरते, बस.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे फसतात ते, चेक मोड. नाव ऐकून वाटतं की हाच सेफ टेस्ट, चेक फ्लॅग लावला की काही बदलणार नाही आणि सगळं तपासलं जाईल. पहिला भाग बऱ्यापैकी खरा आहे, दुसरा अजिबात नाही. ज्या मॉड्यूलला चेक मोडचा सपोर्ट नाही ते चेक मोडमध्ये काही करतही नाही आणि काही सांगतही नाही, नुसतं स्किप. कमांड आणि शेल मॉड्यूल साधारण स्किपच होतात, वेबहुक (मेसेज पाठवायचा वेब पत्ता) मारणारं यूआरआय मॉड्यूल स्किप, मेल मॉड्यूल स्किप. म्हणजे ज्या टास्कसाठी तुम्ही एवढा खटाटोप केला तीच टास्क चालली नाही आणि खाली फेल्ड शून्य दिसतंय, आणि माणूस खूश. शिवाय स्किप झालेल्या कमांडचं आउटपुट रजिस्टर करून पुढच्या टास्कची अट त्याच्यावर ठेवली असेल तर हातात रिकामं उत्तर येतं आणि पुढचं सगळं डळमळीत होतं.

आणि उलटा धोका पण आहे, जो जास्त वाईट. ही स्किपची कटकट टाळायला लोक त्या टास्कला चेक मोड फॉल्स असं लिहून ठेवतात. त्याचा अर्थ, ही टास्क चेक मोडमध्येही खरोखर चालव. नुसती माहिती वाचणाऱ्या टास्कला ते ठीक आहे. पण असं काही बॅकअप थांबवणाऱ्या किंवा फाइल हलवणाऱ्या टास्कवर चिकटलं असेल आणि दुसऱ्या कोणी विश्वासाने चेक फ्लॅग लावून प्लेबुक चालवलं तर संपलं. दुसऱ्याचं प्लेबुक हातात आलं की मी आधी हा शब्द शोधतो. तर माझं मत असं की चेक मोड आणि त्याच्या जोडीला डिफ (जुन्या-नव्यातला फरक दाखवणारा फ्लॅग) हे कॉन्फिग फाइल बदलण्यापूर्वी काय बदलेल ते बघायला झकास, अलर्टच्या टेस्टसाठी जवळपास निरुपयोगी. अलर्टची टेस्ट खरीच चालवावी लागते, ती सेफ करायचे मार्ग वेगळे.

त्यातला मुख्य मार्ग म्हणजे ब्लॉक, रेस्क्यू, ऑल्वेज. चार स्टार खरं तर ह्याचेच. ब्लॉकमध्ये खोटं फेल्युअर घडवायचं आणि अलर्टची वाट बघायची, रेस्क्यूमध्ये काही फेल झालं तर करायच्या टास्क, ऑल्वेजमध्ये साफसफाई. मधली कुठलीही टास्क फेल झाली, अलर्ट आला नाही, टाइमआउट झाला, काहीही झालं तरी ऑल्वेजमधल्या टास्क चालतात. बॅश स्क्रिप्टमध्ये हे ट्रॅप (स्क्रिप्ट बंद पडताना चालणारी कमांड) लावून करता येतं, मी नाही म्हणत नाही, पण एसएसएचच्या पलीकडच्या मशीनवरची साफसफाई इकडच्या स्क्रिप्टच्या ट्रॅपमधून करायला लागलात की स्क्रिप्ट इतकी वेडीवाकडी होते की सहा महिन्यांनी तुमची तुम्हालाच कळत नाही. इथे वाचणाऱ्याला लगेच दिसतं की हे मोडलं आणि हे परत जोडलं.

पण ऑल्वेज म्हणजे खरोखर ऑल्वेज नाही हे लक्षात ठेवा. सर्व्हर अनरीचेबल झाला, म्हणजे मधेच नेटवर्क गेलं, तर रेस्क्यू लागतच नाही, आणि साफसफाई करणार तरी कशी, कनेक्शनच नाही. कोणी मधे कंट्रोल सी दाबलं तरी तेच. म्हणून मी साफसफाईची एक प्रत सर्व्हरवरच ठेवून देतो, फेल्युअर घडवायच्या आधी. लिनक्सच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीच्या रन कमांडला ऑन ॲक्टिव्ह देऊन वीसेक मिनिटांचा टायमर लावायचा, त्यात खोटी फाइल डिलीट करायची कमांड. सगळं नीट झालं तर ऑल्वेजमध्ये टायमर कॅन्सल होतो, नाही झालं तर सर्व्हर आपलं आपण आवरतो. फक्त हा टायमर तात्पुरता असतो, रीबूट झाला की गायब, म्हणून खोटी खूण म्हणून ठेवलेली फाइलसुद्धा शक्यतो रन डिरेक्टरीत ठेवायची, ती मेमरीत असते, रीबूटला तीही जाते. दोन्ही एकदम गेले म्हणजे हिशोब मिटला.

बरं, फेल्युअर घडवायचं कुठे? हा भाग ॲन्सिबल तुम्हाला शिकवत नाही, डोकं तुमचंच लागतं.

डिस्क भरल्याचा अलर्ट टेस्ट करायला खऱ्या बॅकअपच्या व्हॉल्यूमवर मोठी फाइल बनवून डिस्क भरणारे लोक मी बघितलेत. कृपया नको. झेडएफएस आणि बीटीआरएफएस या फाइल सिस्टम कॉपी ऑन राइट (जुन्यावर न लिहिता नवीन जागी लिहिणाऱ्या) असतात, काठोकाठ भरल्या की डिलीट करायला सुद्धा जागा लागते, आणि मग तिथे जो घोळ होतो तो टेस्टचा राहत नाही. वर झेडएफएसवर कॉम्प्रेशन चालू असेल तर शून्यांनी भरलेली फाइल जागाच खात नाही, म्हणजे टेस्ट पण होत नाही. त्यापेक्षा शेदोनशे एमबीची इमेज फाइल बनवा, लूप डिव्हाइसने (फाइलच डिस्क म्हणून वापरायची सोय) वेगळ्या ठिकाणी माउंट करा आणि ती भरा. अलर्टचा रूल जर सगळ्या माउंट पॉइंटवर असेल तर अलर्ट वाजतो, आणि वाजला नाही तर रूलमध्ये फक्त ठरावीक पाथ लिहिलाय किंवा एक्सपोर्टर (सर्व्हरचे आकडे मॉनिटरिंगला देणारा प्रोग्राम) तो माउंट वगळतोय हे कळतं, हीपण माहितीच. एक्सपोर्टरचं हे आधी तपासून घ्या म्हणजे नंतर डोकं खाजवायला नको.

रेड ॲरेसाठी (अनेक डिस्क एकत्र जोडलेला संच) तर करायचं काहीच नाही, तो सांभाळणाऱ्या एमडीॲडमला मॉनिटर मोडमध्ये टेस्ट आणि वनशॉट दिलं की प्रत्येक ॲरेसाठी एक टेस्ट मेसेज जातो आणि ॲरेला हात लागत नाही. तरी काहीजण खरी डिस्क फेल म्हणून मार्क करतात, मग रीबिल्ड तासन्‌तास चालत बसतं आणि तेवढा वेळ ॲरे एका पायावर उभा. डिस्कच्या तब्येतीवर नजर ठेवणाऱ्या स्मार्टडीला पण टेस्टचा ऑप्शन आहे, सुरू होताना प्रत्येक डिस्कमागे एक मेल पाठवतो, पण तो मूळ कॉन्फिगमध्ये तसाच राहिला तर दर रीस्टार्टला मेल येत राहतात आणि लोक ते मेल बघायचंच सोडून देतात, म्हणून वेगळी कॉन्फिग फाइल देऊन एकदाच चालवायचं. झेडएफएसच्या इव्हेंट डीमनसाठी ६४ एमबीच्या फाइलवर खेळण्यातला पूल (झेडएफएसचा डिस्कसंच) बनवायचा, नोटिफाय व्हर्बोज चालू करून त्याचा स्क्रब (सगळा डेटा वाचून तपासणं) करायचा, पूल धडधाकट असला तरी मेल येतो. नंतर पूल नष्ट करायचा, आणि पूलचं नाव व्हेरिएबलमधून घेत असाल तर नष्ट करायच्या टास्कच्या आधी असर्ट (अट खरी नसेल तर थांबवणारी टास्क) लावून ते नाव खेळण्यातलंच आहे हे तपासा. हे मी विनोदाने नाही लिहीत.

खुद्द बॅकअप जॉबचं सांगायचं तर सिस्टमडीवर असाल तर सगळ्यात सोपं असं की एक वेगळी सर्व्हिस बनवा जी फक्त फॉल्स ही नेहमी फेल होणारी कमांड चालवते आणि तिला ऑन फेल्युअरमध्ये तोच हँडलर (अलर्ट पाठवणारी सर्व्हिस) द्या जो खऱ्या बॅकअपला आहे. हँडलर खरा, जॉब खोटा, रिपॉझिटरीला धक्का नाही. ॲन्सिबलने ती युनिट फाइल टाकायची, स्टार्ट करायची, स्टार्ट फेल होऊ शकते म्हणून फेल्ड व्हेन फॉल्स (म्हणजे याला फेल मानू नको), आणि शेवटी युनिट काढून डीमन रीलोड आणि फेल्ड स्टेट रीसेट. हे शेवटचं विसरलात तर मॉनिटरिंगला फेल्ड युनिट दिसत राहतं.

पण यातून फक्त अर्धी साखळी टेस्ट होते हां. हँडलर चालतो हे कळलं, तुमची बॅकअप स्क्रिप्ट फेल झाली की नॉन-झीरो एक्झिट कोड (शून्य म्हणजे यशस्वी) देते का हे नाही कळलं. आणि खरी मेख तिथेच असते. डम्प पाइपने जीझिप या कॉम्प्रेस करणाऱ्या कमांडमध्ये घातला की शेल शेवटच्या कमांडचा कोड देतं, डम्प मेला तरी जीझिप आनंदाने शून्य परत करतं, पाइपफेल (मधली कमांड फेल झाली तरी फेल दाखवणारी सेटिंग) लावलेलं नसेल तर सगळं हिरवं. (ॲन्सिबलचं शेल मॉड्यूल पण बाय डिफॉल्ट साधं एसएच वापरतं, त्यामुळे पाइपफेल हवं तर एक्झिक्युटेबल बॅश असं सांगावं लागतं, नाहीतर जी चूक शोधायला निघालो तीच टेस्टमध्ये.) रेस्टिक हे बॅकअप टूल वापरणाऱ्यांनी ३ हा कोड बघावा, त्याचा अर्थ स्नॅपशॉट झाला पण काही फाइल्स वाचता आल्या नाहीत. बोर्ग या दुसऱ्या बॅकअप टूलमध्ये पारंपरिक हिशोबाने १ म्हणजे वॉर्निंग आणि २ म्हणजे एरर. तुमची स्क्रिप्ट यातल्या कशाला फेल मानते हे ठरवलंय का? टेस्ट करायला तात्पुरत्या डिरेक्टरीत एक छोटी रिपॉझिटरी, एक परमिशन काढून घेतलेली फाइल आणि साध्या युजरने बॅकअप. साध्या युजरने अशासाठी की रूटला (सर्वाधिकार असलेला युजर) परमिशन नसली तरी फाइल वाचता येते आणि मग ३ येतच नाही.

आता प्रॉमिथियसवाल्यांसाठी (आकडे गोळा करून अलर्ट काढणारं मॉनिटरिंग टूल) थोडं जास्त लिहितो कारण सगळ्यात जास्त "अलर्ट येत नाही" ची ओरड तिथूनच येते आणि बहुतेक वेळा अलर्ट येणारच असतो, माणूस थांबत नाही. नुसती बेरीज करा. स्क्रेप इंटरव्हल (आकडे गोळा करायचं अंतर) डिफॉल्ट १ मिनिट, रूल तपासायचा इंटरव्हल डिफॉल्ट १ मिनिट, त्यावर रूलमधलं फॉर, समजा १५ मिनिटं ठेवलंय, तेवढा वेळ अलर्ट पेंडिंगमध्येच, मग अलर्ट पुढे पाठवणाऱ्या अलर्टमॅनेजरचा ग्रुप वेट ३० सेकंद. म्हणजे सतरा-अठरा मिनिटं गेली आणि अजून मेल निघालेलाच नाही. प्लेबुकमध्ये अंटिल लावून रिट्राय आणि डिले या हिशोबाने ठेवायचे, नाहीतर टेस्ट फेल दाखवेल आणि त्यानंतर दोन मिनिटांनी फोन वाजेल. आणि वर म्हटलेला वीस मिनिटांचा साफसफाईचा टायमर इथे तोकडा पडतो, तोही वाढवा. लगेच दुसऱ्यांदा टेस्ट केली आणि आला नाही अलर्ट? पहिला अजून फायरिंग असेल तर रिपीट इंटरव्हल डिफॉल्ट ४ तास आहे, तो गप्पच बसणार.

अलर्टमॅनेजरमध्ये एएमटूल या कमांडने थेट अलर्ट घालता येतो, शेवटची वेळ दिली नाही तर ५ मिनिटांच्या रिझॉल्व्ह टाइमआउटने तो आपोआप मिटतो, झटपट आणि सेफ. पण त्याने फक्त पुढचा अर्धा भाग टेस्ट होतो, रूल नाही. रूलसाठी प्रॉमटूलचे युनिट टेस्ट आहेत, ते सर्व्हरच्या बाहेरच चालतात, आणि मला वाटतं बहुतेकांनी तिथूनच सुरुवात करावी. पूर्ण साखळीची टेस्ट हवी असेल तर नोड एक्सपोर्टरच्या टेक्स्टफाइल डिरेक्टरीत एक खोटी प्रॉम फाइल टाकायची, ज्यात शेवटच्या यशस्वी बॅकअपची वेळ दोन-तीन दिवसांपूर्वीची. इथे दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, खऱ्या जॉबच्या फाइलवर ओव्हरराइट करायचं नाही, तेवढ्यात खरा जॉब फेल झाला तर ते खोट्याखाली झाकलं जाईल, म्हणून जॉबचं लेबल वेगळं. तेच मेट्रिक त्याच लेबलांसकट दोन फाइल्समध्ये आलं तर एक्सपोर्टर तक्रार करतो, हेही वेगळ्या लेबलचं कारण. दोन, फाइल अर्धवट लिहिलेली वाचली जाऊ नये म्हणून आधी दुसऱ्या नावाने लिहून मग नाव बदलायचं, पण ॲन्सिबलचं कॉपी मॉड्यूल मुळातच असंच करतं, तेवढा त्रास वाचतो.

आणि एक जे भल्याभल्यांना माहीत नसतं, अलर्ट मिटल्याचा मेसेज वेबहुक रिसीव्हरला डिफॉल्टने जातो, ईमेलला नाही जात, तो मुद्दाम चालू करावा लागतो. टेस्टनंतर "रिझॉल्व्ह्ड" का नाही आलं म्हणून शोधत बसण्यापेक्षा आधी ही सेटिंग बघा.

मग प्रश्न येतो की टेस्टचा अलर्ट खऱ्या ठिकाणी पाठवायचा की वेगळ्या. सेफ म्हणजे वेगळ्या, टेस्ट असं लेबल लावून वेगळ्या रिसीव्हरला राउट करायचं, मेलसाठी मेलपिटसारखा सापळा, पुश नोटिफिकेशनसाठी एनटीएफवायचा वेगळा टॉपिक. पण मग गिटलॅबचं आठवा, तिथली अडचण शेवटच्या टप्प्यातच होती, सापळ्यात टाकलेल्या मेलला डीमार्क कोण विचारतंय! म्हणून माझ्या मते दोन्ही लागतात. रूल किंवा स्क्रिप्ट बदलली की वेगळ्या रिसीव्हरवर हवं तितक्यांदा टेस्ट करा, आणि अधूनमधून, ड्यूटीवरच्या माणसाला आधी सांगून, मेसेजमध्ये ठळक "चाचणी" लिहून, दिवसाच्या उजेडात, खऱ्या पत्त्यावर एक. न सांगता रात्री पाठवून लोक उठतात का ते बघणारे महाभाग पण असतात, त्याने एवढंच होतं की पुढच्या वेळी खरा अलर्ट आला तरी समोरचा म्हणतो टेस्ट असेल. आणि टेस्ट चालू असताना गोंधळ नको म्हणून सरसकट सायलेन्स लावू नका, त्यात खरा अलर्ट पण गिळला जातो. सायलेन्स लावायचाच तर टेस्टच्या लेबलपुरता आणि मुदत घालून. मेसेजच्या मर्यादा पण बघा, स्लॅकचा वेबहुक साधारण सेकंदाला एक मेसेज घेतो, टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये बॉटला मिनिटाला २० मेसेज, लूपमध्ये टेस्ट चालवली तर मधले मेसेज अडतात आणि वाटतं आपलाच अलर्ट मोडलाय.

चुकीच्या सर्व्हरवर प्लेबुक चालू नये याची सोय चांगली आहे पण ती तुम्हाला लावून घ्यावी लागते, बॉक्समधून काढल्या काढल्या मिळत नाही. लिमिट (कुठल्या होस्टवर चालवायचं ते सांगणारा फ्लॅग) विसरला की होस्ट ऑल असलेलं प्लेबुक सगळ्या ताफ्यावर जातं, विचारत नाही. मी पहिलीच टास्क असर्टची ठेवतो, लिमिट दिलेलं आहे का, प्लेमध्ये एकच होस्ट आहे का आणि तो बॅकअप ग्रुपमधला आहे का, नसेल तर तिथेच थांब. पुढची असर्ट, आत्ता खरा बॅकअप चालू आहे का, लॉक दिसला तर टेस्ट पुढे ढकल. फेल्युअर घडवणाऱ्या टास्कना नेव्हर हा टॅग लावायचा, मग तो टॅग किंवा सोबतचा दुसरा टॅग नाव घेऊन मागितल्याशिवाय त्या चालत नाहीत, हे फार आवडलं मला. नवीन माणसाला प्लेबुक देताना लिस्ट होस्ट्स आणि स्टेप हे दोन फ्लॅग शिकवा, स्टेपमध्ये प्रत्येक टास्कआधी विचारतं.

पोचलं की नाही हे मात्र ॲन्सिबलला आपणहून कळत नाही. यूआरआय मॉड्यूलने अलर्टमॅनेजरच्या एपीआयला विचारता येतं की अलर्ट फायरिंग आहे का, एनटीएफवायच्या टॉपिकला पोल करून मेसेज आला का बघता येतं, आणि त्यासाठी प्रत्येक टेस्टला एक वेगळा आयडी मेसेजमध्ये घालायचा, नाहीतर कालचा मेसेज आजचा समजून टेस्ट पास. पण फोनच्या स्क्रीनवर दिसलं का, सायलेंटवर होता का, बॅटरी सेव्हरने ॲप मारलं होतं का, हे माणसालाच विचारायला लागतं, त्यासाठी मी पॉज मॉड्यूल टाकतो, "आलं का, हो किंवा नाही". दिसायला गावठी आहे पण काम करतं.

टोकन आणि वेबहुकचे पत्ते ॲन्सिबलच्या व्हॉल्टमध्ये (एन्क्रिप्ट केलेली फाइल) ठेवा आणि त्या टास्कना नो लॉग (आउटपुट लपवायची सेटिंग) लावा. वेबहुकचा पत्ता हाच पासवर्ड असतो हे लोक विसरतात आणि व्हर्बोज आउटपुट जसंच्या तसं चॅटवर टाकतात मदत मागायला.

आता तो एक स्टार. बॅकअप सर्व्हर हा असा सर्व्हर की ज्याच्यात बाकी कोणालाच सहज शिरता येऊ नये, रॅन्समवेअर आलं की ते आधी बॅकअपच शोधतं. आणि ॲन्सिबलला हवी एसएसएच की आणि वर बिकम, म्हणजे जवळपास रूट. तुमच्या कंट्रोल मशीनमध्ये (जिथून ॲन्सिबल चालवता) कोणी शिरलं तर तो बॅकअपमध्येही शिरला. बरं, सूडोमध्ये (साध्या युजरला रूटच्या कमांड चालवू देणारी सोय) ठरावीक कमांडच देऊ म्हटलं तर बिकम तसं चालत नाही, कारण ॲन्सिबल दर वेळी वेगळ्या नावाची तात्पुरती फाइल टाकून पायथनने चालवतं, सूडोमध्ये लिहिणार काय? त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की परवानगी सरसकट लागते. एसएसएचच्या ऑथराइज्ड कीजमध्ये एकच कमांड बांधून ठेवायची जुनी युक्ती पण ॲन्सिबलबरोबर बसत नाही. अलर्ट टेस्ट करण्यासाठी बॅकअपच्या तिजोरीची किल्ली आणखी एका ठिकाणी ठेवायची, हे मला पटत नाही.

त्यातून काढलेली वाट अशी की फेल्युअर घडवणं आणि आवरणं हे दोन्ही एका छोट्या स्क्रिप्टमध्ये, ती सर्व्हरवर रूटच्या मालकीची, बाकी कोणाला बदलता न येणारी, सूडोमध्ये एका साध्या युजरला फक्त तीच स्क्रिप्ट तिच्या ठरलेल्या आर्ग्युमेंट्ससकट, आणि ॲन्सिबल बिकम न लावता कमांड मॉड्यूलमधून सूडोने ती बोलावतं. वाट बघणं, एपीआयला विचारणं, माणसाला विचारणं हे सगळं डेलिगेट करून कंट्रोल मशीनवरच. यात ॲन्सिबलची अर्धी मॉड्यूल्स बाजूला पडतात आणि कोणी म्हणेल मग ॲन्सिबल कशाला, तर ब्लॉक आणि ऑल्वेज, असर्ट, रिट्राय आणि व्हॉल्ट यांच्यासाठी. पूलवाली टेस्ट मात्र मी या स्क्रिप्टमध्ये ठेवत नाही, पूल बनवायची आणि नष्ट करायची ताकद तशा युजरच्या हातात नको, ती सर्व्हरवर लॉगिन करून हातानेच.

जुन्या मशीनवाल्यांनी घेण्याआधी व्हर्जन बघा, ॲन्सिबल कोअर २.१७ पासून टार्गेटवर पायथन ३.७ किंवा पुढचं लागतं, आणि बॅकअपचं खोकं हे बहुतेक ठिकाणी सगळ्यात जुनं खोकं असतं. तसं असेल तर कंट्रोल मशीनवर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करून २.१६ ठेवा, ते ३.६ सुद्धा चालवून घेतं. पायथनच नसेल तर रॉ मॉड्यूल आहे, पण मग सरळ एसएसएच आणि बॅशच वापरा, रॉवर ही सगळी टेस्ट लिहिणं म्हणजे नुसती डोकेदुखी.